हर्नियाचे ऑपरेशन: रोखीचा दर आणि विम्याचा दर कसा ताडून पाहावा

मुंबईतल्या कोणत्याही खासगी रुग्णालयात हर्नियाच्या ऑपरेशनचा खर्च विचारायला गेले, की बिलिंग काउंटरवरून आधी उलटा प्रश्न येतो, ‘मेडिक्लेम आहे का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचा आकडा ठरतो, कारण एकाच रुग्णालयात एकाच शस्त्रक्रियेचे निदान तीन दर चालू असतात: स्वतः पैसे भरणाऱ्याचा म्हणजे रोखीचा, विमा कंपनीशी करार झालेला, आणि करार नसलेल्या विमाधारकाला लागू होणारा खुला दर. यांपैकी कोणता स्वस्त पडेल, हे ऐकीव माहितीवरून ठरवता येत नाही. दादर, पार्ले, मुलुंड किंवा ठाण्याकडच्या लहान नर्सिंग होममध्ये रोखीचा दर बहुधा कमी असतो. मोठ्या साखळी रुग्णालयांत मात्र विमा कंपनीने घासाघीस करून ठरवलेला दर खुल्या दरापेक्षा बराच खाली असू शकतो. शिवाय विम्याचा दर म्हणजे आपल्या खिशातून जाणारी रक्कम नव्हे. म्हणून तुलना करायची ती काउंटरवर सांगितलेल्या दोन आकड्यांची नाही, तर औषधपाण्यासह शेवटी घरातून किती पैसे जाणार या दोन रकमांची.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. जांघेतला हर्निया बहुतेक वेळा आधी ठरवून करायच्या ऑपरेशनमध्ये मोडतो, त्यामुळे चौकशीला आठवडा-दोन आठवडे मिळतात. फुगवटा कडक झाला, हाताने आत जाईनासा झाला, जोडीला असह्य दुखणे किंवा उलट्या सुरू झाल्या, तर मात्र दर विचारत न बसता सरळ जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जावे. अशा वेळी आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. पुढचे सगळे सांगणे त्या प्रसंगासाठी नाही.

आधी ऑपरेशन नेमके कोणते, ते लिहून घ्यावे

‘हर्नियाचे किती?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असूच शकत नाही. एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा, जांघेतला की बेंबीचा, पोट उघडून करायचे की दुर्बिणीने, कमरेखालचा भाग बधिर करून की पूर्ण भूल देऊन, कमकुवत जागेला आधार म्हणून आत बसवायची जाळी कोणती आणि ती बसवायला टॅकर लागणार की नाही, या प्रत्येक गोष्टीने रक्कम बदलते. टॅकर म्हणजे जाळी आतून अडकवण्याचे एकदाच वापरायचे साधन. ते महाग असते आणि जांघेच्या प्रत्येक दुर्बिणीच्या ऑपरेशनला ते लागतेच असे नाही. सर्जनला हे अदबीने पण स्पष्ट विचारावे आणि उत्तर त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळींत लिहून मागावे. हाच कागद मग तिन्ही-चारही ठिकाणी दाखवावा, म्हणजे सगळे एकाच गोष्टीचा भाव सांगतील. एका ठिकाणी उघड्या शस्त्रक्रियेचा आणि दुसरीकडे दुर्बिणीचा आकडा घेऊन झालेली तुलना फसवी असते, आणि ती सर्रास होते.

सर्जनला आणखी एक प्रश्न विचारावा: ‘डॉक्टर, आपण आणखी कोणकोणत्या ठिकाणी ऑपरेशन करता?’ मुंबईतले अनेक सर्जन एका मोठ्या रुग्णालयाशी जोडलेले असतात आणि त्याच वेळी उपनगरातल्या दोन-तीन नर्सिंग होममध्येही शस्त्रक्रिया करतात. हात तोच, जाळी तीच, भूलतज्ज्ञही पुष्कळदा तोच. बदलते ते ठिकाण आणि बिल. हृदयविकार किंवा दुसरा मोठा आजार असेल, अतिदक्षता विभाग हाताशी हवा असेल, तर मोठे रुग्णालयच बरे. पण धडधाकट माणसाच्या साध्या हर्नियासाठी हा एक प्रश्न जितका पैसा वाचवतो, तितका पॉलिसीतला कोणताही बारकावा वाचवत नाही, असे माझे मत आहे.

अंदाजपत्रक वाचण्याची रीत

मोठ्या रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर आडवे रकाने असतात: जनरल वॉर्ड, ट्विन शेअरिंग, सिंगल, डीलक्स. उभ्या बाजूला सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, खोलीभाडे, नर्सिंग, औषधे व साहित्य अशा ओळी. कागद हातात आला की खोलीभाड्याच्या ओळीवर न थांबता सर्जनच्या फीची ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जावी. खोलीचा वर्ग वाढला की तीही वाढत जाते, थिएटरचे आणि भूलतज्ज्ञाचेही तसेच. म्हणजे सिंगल रूम घेणारा माणूस फक्त जास्तीच्या खोलीभाड्याचे पैसे देत नाही. त्याच टेबलावर, त्याच डॉक्टरकडून झालेल्या त्याच ऑपरेशनचेही जास्त पैसे देतो. मुक्काम बहुधा एक-दोन रात्रींचा असतो. तेवढ्यासाठी वरच्या वर्गाची हौस करायची की नाही, हे हा कागद पाहून ठरवावे. अतिदक्षता विभाग सोडून इतर खोलीचे भाडे दिवसाला ५,००० रुपयांच्या वर गेले, तर त्या भाड्यावर ५ टक्के जीएसटीही लागतो, हेही धरावे.

मग अंदाजपत्रकात काय नाही ते विचारावे. ऑपरेशनपूर्वीच्या रक्ततपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे, गरज पडल्यास टूडी एको आणि फिजिशियनचे फिटनेस पत्र हे बहुधा पॅकेजबाहेर असते, आणि बाहेरच्या चांगल्या लॅबमध्ये यातले बरेचसे कमी पैशांत होते. फक्त बाहेरचे रिपोर्ट चालतील का, ते आधी विचारून घ्यावे. जाळी पॅकेजमध्ये आहे की वेगळी, वेगळी असेल तर कंपनी कोणती आणि छापील किंमत किती, हेही लिहून घ्यावे. जाळीच्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, बॅच क्रमांक आणि मुदत असलेले स्टिकर असते. ते स्टिकर केसपेपरवर चिकटवले जाते. त्याची प्रत आणि जाळीचे स्वतंत्र इन्व्हॉइस मागून घ्यावे, कारण विम्याच्या दाव्यात पहिली विचारणा त्याचीच होते. रोखीने भरणाऱ्यानेही ते घ्यावे, कारण छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी झाली की नाही, हे तपासण्याचा दुसरा मार्ग नाही.

दरपत्रक दाखवण्याबाबत काउंटरवर टाळाटाळ झाली, तर महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांची आठवण करून द्यावी. दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे त्यांनुसार बंधनकारक आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेचे दरही जाहीर असतात आणि मुंबईलाही ते लागू आहेत. खासगी रुग्णालयावर ते आपल्यासाठी बंधनकारक नाहीत आणि तो दर आपल्याला मिळेल, अशी आशाही करू नये. तरी सांगितलेला आकडा त्याच्या दुप्पट आहे की पाचपट, हे कळले की बोलण्याला आधार मिळतो.

विम्याचा दर कुठून येतो

न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांनी २०१० मध्ये मुंबईसह काही महानगरांत ‘पीपीएन’ म्हणजे ठरावीक दराने सेवा देणाऱ्या रुग्णालयांचे जाळे सुरू केले, आणि तेव्हापासून हर्निया, मोतीबिंदू, पित्ताशय अशा नेहमीच्या शस्त्रक्रियांना खोलीच्या वर्गानुसार पॅकेज दर ठरले. खासगी विमा कंपन्यांचेही आपापले करार असतात. त्यामुळे दोन शेजाऱ्यांचे त्याच रुग्णालयातले मंजूर दर वेगळे निघाले, तर त्यात नवल नाही. आपल्या पॉलिसीसाठीचा दर काउंटरवर नव्हे, तर रुग्णालयातल्या टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) डेस्कवर विचारावा: ‘या कंपनीचे, या पॉलिसीचे, या खोलीच्या वर्गाचे पॅकेज किती, आणि त्यात जाळी धरली आहे का?’ हे चारही भाग एका वाक्यात विचारले, तरच उपयोगाचे उत्तर मिळते.

पॅकेजचा दर रुग्णालयाला परवडत नाही, म्हणून ‘डॉक्टरांच्या फीचा फरक’ वेगळा द्यावा लागेल, असे कुजबुजत सांगितले जाण्याचे प्रकार होतात. कराराच्या पॅकेजात जे धरलेले आहे, त्याचे पैसे रुग्णाकडून पुन्हा घेता येत नाहीत. अशी मागणी झाली, तर ती लेखी द्या आणि पावती मिळेल का ते सांगा, इतकेच म्हणावे. पुष्कळदा ती तिथेच विरते. विरली नाही, तर ॲडमिट होण्याआधी टीपीएला ईमेलने कळवावे. रुग्णाने स्वतःहून वरचा वर्ग किंवा महागडी जाळी मागितली असेल, तर त्याचा फरक मागणे ही गोष्ट निराळी, आणि तो बिलात दाखवून घ्यायला हरकत नसते.

पॉलिसीतले चार कलम, जे खिशाला लागतात

पहिले कलम प्रतीक्षा कालावधीचे. बहुतेक वैयक्तिक पॉलिसींमध्ये सर्व प्रकारच्या हर्नियाला पहिले २४ महिने संरक्षण नसते. नियमांनुसार हा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. नोकरीच्या ठिकाणच्या ग्रुप पॉलिसीत तो बहुधा माफ केलेला असतो. म्हणून नवराबायको दोघे नोकरी करत असतील, तर दोघांचीही पॉलिसी उघडून पाहावी. कालावधी संपायला दोन-तीन महिने उरले असतील आणि त्रास बेताचा असेल, तर थांबणे चालेल का हे सर्जनला विचारावे, एजंटला नाही.

दुसरे कलम खोलीभाड्याच्या मर्यादेचे, आणि सगळ्यात जास्त माणसे येथेच अडकतात. समजा, पॉलिसीत खोलीभाडे दिवसाला ४,००० पर्यंत मान्य आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली. अनेकांना वाटते, दोन दिवसांचा फरक आठ हजार, तो भरू. पण कंपनी खोलीशी निगडित सगळ्याच खर्चांना तेच प्रमाण लावते. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर आणि नर्सिंग मिळून लाख रुपये झाले असतील, तर त्यांतले पन्नास हजारच मंजूर होतात, आणि खोलीचे आठ हजार धरून अठ्ठावन्न हजार आपल्याला भरावे लागतात. हे आकडे हिशेब समजावण्यापुरते आहेत. स्वतःच्या पॉलिसीतले आकडे घालून तोच गुणाकार करून पाहावा. या कपातीलाही मर्यादा आहेत: औषधे व साहित्य, जाळीसारखी शरीरात बसवायची साधने आणि तपासण्या यांना हे प्रमाण लावता येत नाही, अतिदक्षता विभागाच्या खर्चालाही नाही, आणि ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलतच नाहीत, तिथे ही कपात करता येत नाही. मंजुरीपत्रात जाळीच्या रकमेलाही कात्री लागलेली दिसली, तर तिथेच हरकत घ्यावी.

तिसरे, न मिळणारे खर्च. हातमोजे, मास्क, जोडीच्या माणसाचे जेवण अशा ६८ बाबींची यादी आहे. ‘कन्झ्युमेबल्स कव्हर’ वेगळे घेतलेले नसेल, तर त्या बहुधा आपल्याच माथी येतात. चौथे, को-पे. ज्येष्ठांच्या पॉलिसीत आणि कंपनीने दिलेल्या आईवडिलांच्या विम्यात दहा-वीस टक्के वाटा आपला असणे नेहमीचे आहे, आणि आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत तो ५ टक्के आहे. रोबोटने करायचे सुचवले गेले असेल, तर त्यासाठी वेगळी कमाल मर्यादा आहे का, तेही पाहावे.

दावा न केलेल्या वर्षांबद्दल साठलेला बोनस दावा केल्यावर कमी होतो, ही भीती अर्धीच खरी. बऱ्याच पॉलिसींत साठलेला बोनस एक पायरी खाली येतो, काहींत येत नाही. पण तुम्ही दावा केला एवढ्याच कारणाने वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता फक्त तुमच्यापुरता वाढवता येत नाही आणि नूतनीकरणही नाकारता येत नाही. लाखाच्या घरातले ऑपरेशन बोनस वाचवण्यासाठी खिशातून करणे, हा मला तरी तोट्याचा व्यवहार वाटतो. वीस-पंचवीस हजारांच्या डे-केअर कामाचा हिशेब मात्र वेगळा येऊ शकतो.

रोखीने भरून नंतर दावा करणे

दोन दरांच्या मधली ही वाट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लहान नर्सिंग होमचा रोखीचा दर कमी, पण तिथे कॅशलेस (विमा कंपनीने बिल परस्पर भरण्याची सोय) नाही, अशा वेळी आधी भरून मग परतावा मागता येतो. जनरल इन्शुरन्स कौन्सिलने जानेवारी २०२४ मध्ये ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ जाहीर केले आहे. ठरवून करायच्या ऑपरेशनच्या ४८ तास आधी विमा कंपनीला कळवले, तर यादीत नसलेल्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येते, मात्र रुग्णालयाची तयारी असावी लागते. ती नसेल, तर परतावा.

परताव्याच्या वाटेने जायचे, तर ॲडमिट होण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. नर्सिंग होमची महापालिकेकडची नोंदणी चालू आहे ना, आणि बिलावर नोंदणी क्रमांक येतो ना. विमा कंपनीच्या संकेतस्थळावरच्या वगळलेल्या रुग्णालयांच्या यादीत त्याचे नाव नाही ना. असेल, तर तातडीचा प्रसंग सोडून पैसे मिळत नाहीत. यादीबाहेरच्या रुग्णालयासाठी पॉलिसीत जादा को-पे नाही ना. आणि रोखीच्या सवलतीच्या पॅकेजवर तपशीलवार बिल मिळेल का. ‘हर्निया पॅकेज’ एवढी एकच ओळ आणि खाली ठोक रक्कम असलेले बिल विमा कंपनीकडून शंका काढून परत येते. सर्जन, भूल, थिएटर, खोली, जाळी, औषधे असे तुकडे पाडलेले बिल हवे. ही अट पैसे भरण्यापूर्वी घालावी, कारण डिस्चार्जनंतर असे बिल मिळवणे म्हणजे चकरा.

पैसे कार्डाने, चेकने किंवा यूपीआयने द्यावेत. एका उपचारासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांमध्ये स्वीकारायला आयकर कायद्याने रुग्णालयाला मनाई आहे, आणि बँकेतून गेलेल्या पैशाचा पुरावा दाव्यात आपोआप तयार होतो.

केसपेपर लिहिला जात असताना स्वतः जागे राहावे. निवासी डॉक्टर विचारतात, ‘त्रास किती दिवसांपासून?’ आणि घरातले कोणीतरी अंदाजाने म्हणते, ‘झाली की तीन-चार वर्षे.’ तीच ओळ डिस्चार्ज कार्डावर उतरते आणि आजार पॉलिसीच्या आधीचा होता का, असा प्रश्न उभा राहतो. खोटे सांगू नये, पण अंदाजही ठोकू नये. पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवले तो कागद जवळ ठेवून त्यावरची तारीख सांगावी.

एका कागदावर दोन रकाने

आता एक कोरा कागद घ्यावा. डाव्या रकान्यात रोखीचे पॅकेज, पॅकेजबाहेरच्या तपासण्या, जाळी वेगळी असल्यास तिची किंमत, घरी गेल्यावरची औषधे. उजव्या रकान्यात मंजूर होणारी रक्कम लिहायचीच नाही. फक्त आपल्याकडून जाणारे लिहायचे: खोलीभाड्यामुळे होणारी कपात, यादीतले न मिळणारे खर्च, को-पे, मर्यादेवरचा फरक. ऑपरेशनच्या आधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा संबंधित खर्च, काही पॉलिसींत याहून अधिक दिवसांचा, मिळत असतो. तो उजवीकडून वजा करावा. परताव्याची वाट धरली असेल, तर तिसरा रकाना, आणि त्यात काही आठवडे पैसे अडकून पडतील हे गृहीत धरावे. कॅशलेसमध्येही सुरुवातीला डिपॉझिट मागतात. ते किती आणि परत कधी, हे विचारावे.

डिस्चार्जच्या दिवशी होणारा उशीर हाही खर्चच असतो. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा पहिला निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी रुग्णालयाची विनंती पोचल्यापासून तीन तासांत द्यायची आहे, आणि त्यापुढच्या उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती विमा कंपनीने सोसायची आहे. म्हणून रुग्णालयाने अंतिम बिल टीपीएला कधी पाठवले, ती वेळ नोंदवून ठेवावी. पुष्कळदा उशीर कंपनीकडे नव्हे, तर बिलिंगमध्येच झालेला असतो.

विमा नसलेल्यांनी उजवा रकाना कोरा सोडू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपली शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात त्यात बसते, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारावे. केईएम, सायन, नायर, कूपर येथे हर्नियाची ऑपरेशने रोजची आहेत. नंबर लागायला वेळ लागतो, एवढेच. शहरातली कित्येक नामांकित रुग्णालये धर्मादाय न्यासांची आहेत. त्यांना १० टक्के खाटा वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के ३ लाख ६० हजारांपर्यंतच्यांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन थेट तिथल्या समाजसेवा विभागात जावे. बिलिंग काउंटरवर ही माहिती स्वतःहून कोणी देत नाही.

दावा चुकीने कापला गेला असे वाटले, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करावी आणि कपातीचे कलम क्रमांकासह मागावे. महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे, फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत तक्रार द्यावी लागते. सोबत मूळ अंदाजपत्रक, मंजुरीपत्र, तपशीलवार बिल आणि जाळीच्या स्टिकरची प्रत जोडावी.